गाव कोणतं, एवढंच तर विचारलं

आबा, भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुमची सवय मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होती. मुद्दा अंगाशी आला की तुम्ही टोपी उचलायचात, "संध्याकाळी बोलू" म्हणायचात आणि वावराकडे निघायचात. संध्याकाळी परत यायचात तेव्हा एखादा नवा मुद्दा तुमच्याकडे तयार असायचा. माझं डोकं तोवर स्वयंपाकात आणि पेपर तपासण्यात गुंतलेलं असायचं, त्यामुळे जिंकायचात तुम्हीच. या वेळी मात्र गेलात ते गेलातच. मी बोललेलं शेवटचं वाक्य अजून स्वयंपाकघरात तसंच पडलंय, आणि मी त्याच्याभोवतीनं वावरतेय.

तुम्ही गेल्यावर भेटायला येणारी माणसं तुम्हाला देवमाणूस म्हणायची. मी मान डोलवायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची. सुनेनं सासऱ्याबद्दल दहाव्याच्या आत काही वेगळं बोलू नये, एवढी अक्कल मला आहे. पण तुमच्या-माझ्यात सांगायचं तर तुम्ही देवमाणूस अजिबात नव्हतात. हट्टी होतात. चहात चोरून साखर घालायचात, गोळ्या तुळशीत टाकायचात, माझ्या नोकरीच्या बढाया गावभर मारायचात आणि घरात मला 'मास्तरीनबाई' म्हणून चिडवायचात. देवमाणसाशी कुणाला भांडता येतं का? तुमच्याशी मी मनसोक्त भांडले.

त्याच दिवसांत तुमच्या मावसभावानं विचारलं, "ही पोरगी कोन व्हय?" रमिला मागे मोरीपाशी भांडी घासत होती. मी म्हटलं, जामसिंगची. "म्हंजे राखनदाराची?" मी म्हटलं, हो, राखणदाराची. खरं तर कितीतरी सांगता आलं असतं. सातपुड्याच्या पलीकडून, मध्य प्रदेशातल्या धाबापाणीहून आलेलं हे बारेला आदिवासींचं कुटुंब. ही बापाच्या खांद्यावर बसून आपल्या केळीच्या बागेत आली आणि तिथल्या खोपीतच वाढली. असोद्याच्या शाळेत शिकली, मग जळगावला माझ्याच ज्युनिअर कॉलेजातून बारावी सायन्स झाली. होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो तेव्हा सगळे डोंगरापलीकडे आपल्या गावी जातात, ढोल वाजवून, नाचून, आठवड्यानं परत खोपीत येतात. यातलं मी काहीच बोलले नाही. 'राखणदाराची' एवढंच म्हणाले, आणि ते मला दिवसभर टोचत राहिलं.

या पोरांचं वेड तुम्हाला कसं लागलं ती गोष्ट मी चारचौघांत सांगितली की तुम्ही चिडायचात. आता चिडायला नाही आहात, म्हणून सांगतेच. संध्याकाळी जामसिंगची पोरं आणि आजूबाजूच्या बागांतल्या राखणदारांची पोरं तुमच्या बाजेभोवती जमायची. मी कॉलेजातून आले की त्यांचं गणित घ्यायची. त्या दिवशी पौर्णिमा होती. केळीच्या पानापानावर चांदणं. तुम्ही सहज गंमत म्हणून विचारलंत, "आज आवस हाये ना रे पोरंहो?"

सगळी एका सुरात म्हणाली, "हो आबा."

तुम्ही बोट वर केलंत. "मंग ते काय हाये?"

पोरांनी चंद्राकडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं. रमिला तेव्हा तिसरी-चौथीत असेल. ती म्हणाली, "चंद्र आहे. पण आवस आहे, आबा."

मालक म्हणतो म्हणजे आहे. तिच्या बापानं तिला शिकवलेला पहिला धडा तो होता, आणि तो चुकीचाही नव्हता. मालकाला नाही म्हणणाऱ्याला पुढच्या हंगामात दुसरी बाग शोधावी लागते, हे जामसिंगनं आपल्याकडे यायच्या आधी तीन बागा बदलून शिकून घेतलं होतं. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. घरी येऊन न जेवता झोपलात आणि सकाळी मला म्हणालात, "मास्तरीनबाई, तू त्याहिले गनित शिकोते, ते बरं हाये. पन ह्या पोराहिले नही म्हनता येत नही. त्याचं काय?"

तेव्हापासून तुम्ही रोज संध्याकाळी बाजेवर बसून धडधडीत खोटं बोलायला लागलात. कापसाला शेंगा येतात. तापी उलटी वाहते. मॅडमला इंग्रजी येत नाही. पोरं आपली माना हलवताहेत. गावातले लोक म्हणायला लागले, आबाला म्हातारचळ लागला. किती दिवस हे चाललं, आणि मग एकदा तुम्ही रमिलाला म्हणालात, "तुहा बाप रातभर झोपते. राखन करतच नही."

ती म्हणाली, "नाही."

इतकं हळू की मला वाटलं मला भास झाला. मग जोरात, "नाही! झोपत नाही माझा बाप!" आणि ढसाढसा रडायला लागली. तुम्ही बाजेवरून उठलात, तिच्यासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "चुकलं माह्यं." अख्ख्या भाऊबंदकीत कुणी तुमच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले नव्हते. मीही नाही. मला त्या पोरीचा हेवाच वाटला.

तुमचं आणि माझं पटायचं नाही ते इथंच. तुमचं म्हणणं, या पोरांना आधी मालकासमोर मान वर करता आली पाहिजे, बाकी त्यांचं ती बघतील. माझं म्हणणं, मान वर करून काय करता, तोंडात उत्तर नको? मी त्यांची तयारी करून घ्यायची. प्रश्न काय येतील, उत्तर कुठून सुरू करायचं, नजर कुठं ठेवायची, खुर्ची न ओढता कशी बसायची. तुम्ही बाजेवरून ओरडायचात, "लगन हाये का इंटरव्ह्यू?" मी म्हणायची, तुम्ही तुमचा चंद्र बघा. तयारीनंच आत्मविश्वास येतो यावर माझा विश्वास होता. अजूनही आहे, थोडा.

गेल्या वर्षी रमिलाला शेतकीची पदवी करायची होती. जळगावला तिचा नंबर लागत नव्हता, धुळ्याला लागत होता. अडलं ते राहण्यावर. धुळ्यात एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे, खानदेशातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलींना तिथं फुकट ठेवतात, पण आधी मुलाखत घेतात. मी तिची अशी तयारी करून घेतली की झोपेतून उठवलं तरी तिनं ठिबक सिंचनाचे फायदे सांगितले असते. आत गेल्यावर त्यांनी काय विचारलं, ते तुम्हाला माहीत आहे. पोरगी मोकळी व्हावी म्हणून विचारतात ना, तसं विचारलं. बाळ, तुझं गाव कोणतं?

ती गप्प. पुन्हा विचारलं, ती गप्प. कुणीतरी म्हणालं, गावाचं नाव विसरलीस की काय, आणि दोघं-तिघं हसले. त्यानंतर तिला जे काही विचारलं त्याला तिनं तोंडच उघडलं नाही. मी दाराबाहेर बसले होते, रागानं माझे कान तापले होते. येताना बस पारोळ्याच्या पुढे आली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "मॅडम, कोणतं खरं तेच कळेना. घर तिकडं आहे. राहतो इकडं."

तुम्हाला हे सांगितलं आणि आपलं वर्षभराचं भांडण सुरू झालं. ती वर्षभर आपल्या बागेत बापाबरोबर राबली, संध्याकाळी माझ्याकडे बसली, आणि आपण दोघं तिच्या डोक्यावरून भांडत राहिलो. मी म्हणत होते, तिनं असोदा सांगावं. पहिलीपासूनची शाळा इथली, जन्माचं सोडलं तर सगळं इथलं. शिवाय ते वसतिगृह खानदेशातल्या मुलींसाठी आहे, मध्य प्रदेश म्हटलं की संपलं. तुम्ही म्हणत होतात, "तिचं गाव धाबापानी हाये. तिची होळी तठी, तिचे देव तठी. आत जायासाठी गाव बदललं त मंग तठी रोजच खोटं बोला लागीन."

"आणि खरं बोलून बाहेर राहिली तर?"

"राहू दे बाहेर. पुढच्या वर्षी जाईन."

"आबा, पोरीची वर्षं अशी पुढं ढकलायला ती काय केळीची पिलबाग आहे, एक घड कापला की त्याच बुंध्याला दुसरा?"

दर वेळी इथवर यायचं आणि तुम्ही टोपी उचलायचात.

त्या सकाळीही तेच झालं. या वर्षीही धुळ्याला नंबर लागला होता आणि वसतिगृहाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. तुम्ही जेवत होतात, मी डबा भरत होते, तुमचा लेक विजय वरणगावला फॅक्टरीत निघून गेला होता. तुम्ही पुन्हा धाबापाणीवर आलात, आणि माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "तिनं असोद्याची म्हटलं तर ती तुमच्या बरोबरीची, बांधाला बांध लागलेली होते ना, म्हणून तुम्हाला नको आहे. तुम्हाला ती शिकलेली हवी, मान वर केलेली हवी, पण डोंगरापलीकडचीच हवी."

तुम्ही घास ताटात ठेवलात. माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. राग नव्हता तुमच्या डोळ्यांत, तो असता तर मला बरं वाटलं असतं. मग टोपी, आणि "संध्याकाळी बोलू."

दुपारच्या आतच रमिलाचा फोन आला. "मॅडम, आबा बांधावर बसलेत. पण उठत नाहीत." जामसिंगनं तुम्हाला पाठीवर घेऊन बागेतून रस्त्यापर्यंत धावत आणलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि कुणालाच तुम्हाला हात लावू देत नव्हता.

मी ते वाक्य मागे घेतलेलं नाही, आबा. खोटं सांगून तुमच्या फोटोसमोर हात जोडणं मला जमणार नाही. ते कडू होतं, पण मला ते खरं वाटत होतं. मला एवढंच हवं होतं, की तुम्ही संध्याकाळी यावं आणि वाटेत सापडलेल्या एखाद्या मुद्द्यानं ते खोडून काढावं. तुमच्याजवळ उत्तर होतं का? की तुम्ही बांधावर बसून तेच शोधत होतात? हा विचार आला की माझ्या हातातला घास तसाच राहतो.

दहावं झालं त्या दिवशी दुपारी ओसरीवर बैठक बसली. तुमची बहीण अक्का, तीन-चार भाऊबंद आणि विजय. मी आत चहा गाळत होते, ऐकू सगळं येत होतं.

"विजू, तुह्यानं केळी व्हनार नही," अक्का म्हणाल्या. "तू फॅक्टरीत, तुही बायको कॉलेजात. वावर ठोक्यानं दुसऱ्याले कसाले देऊन टाक."

"मलाही तसंच वाटतं, अक्का."

"अन् खोपीतल्या मानसाचं?" कुणीतरी विचारलं.

"ज्याले वावर देशीन तो त्याचे मानसं आनीन. जामसिंगले दिवाळीपावतर जायाचं सांग," अक्का म्हणाल्या.

विजय मान खाली घालून चटईची काडी उपसत राहिला. तुम्ही त्याला ओळखता, तो गप्प बसला की लोक हो समजतात. मी चहाचा ट्रे उचलला आणि मागच्या दारातून माझं लक्ष गेलं. रमिला मोरीपाशी भांडी घासत होती. तिचा हात थांबला होता. मग पुन्हा चालू झाला, आधीपेक्षा जोरात. तिनं ऐकलं की नाही हे मी तिला विचारलं नाही. ओसरीवर जाऊन मी सगळ्यांना चहा दिला आणि आत आले. गंधमुक्ती होऊन सुतक फिटू दे, मग बोलू, असं मनाशी म्हटलं. घरात सुतक, पाहुणे, आणि मी सून. कारणं मला भराभर सापडत होती.

आणि गंधमुक्तीच्या आदल्याच दिवशी मुलाखत होती. अक्का म्हणाल्या, "घरचा मानूस गेला अन् सून धुळ्याले? लोकं काय म्हनतीन?" मी म्हटलं, आबांनीच सांगितलं होतं. खोटं होतं ते, आबा. तुम्ही असं काही सांगितलं नव्हतं. पण तुमच्या नावावर एवढं खोटं खपवायचा हक्क माझा आहे असं मी धरून चालले.

पहाटेची बस धरली. एरंडोल आलं. मला राहवेना. मी म्हटलं, "रमिला, गाव विचारतील."

"हो मॅडम."

"काय सांगशील?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही सांगता असोदा. आबा सांगायचे धाबापाणी. मी बघते."

मी बघते म्हणजे काय? मुलाखतीला कुणी 'मी बघते' म्हणून जातं का? वर्षभर मी तिला उत्तरं दिली होती, आणि ती हातात काही न घेता आत निघाली होती. धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर मी तिला चहा घेतला, तिनं तो संपवला, माझाच कप तसा राहिला.

वसतिगृहाच्या कार्यालयात उकाडा होता म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले. आत एक वयस्कर बाई आणि दोन पुरुष. त्यातला एक गेल्या वर्षी हसलेला, त्याचा आवाज मी विसरणं शक्य नव्हतं. रमिला बसली. खुर्ची ओढल्याचा आवाज मोठ्यानं झाला आणि मी डोळे मिटून घेतले.

"तू गेल्या वर्षी आली होतीस ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"बरं. गाव कोणतं तुझं?"

आत फक्त पंख्याचा आवाज. मी मनातल्या मनात असोदा, असोदा म्हणत होते, आणि कुठूनतरी तुम्ही मला धाबापाणी, धाबापाणी म्हणताना ऐकू येत होतात. शांतता इतकी लांबली की मी बाकावरून अर्धी उठले.

"घर धाबापाणीला आहे," रमिला म्हणाली. "मध्य प्रदेशात. तिथं मी होळीला जाते. शिकले असोद्याला. तिथं आम्ही केळीच्या बागेत राखण करतो, खोप मालकांची आहे. मालक म्हणजे आबा, ते आत्ताच वारले. आता शेत ठोक्यानं देणार आहेत. मग दिवाळीनंतर आम्ही कुठं असू ते मला माहीत नाही. म्हणून गाव कोणतं ते मला सांगता येत नाही. म्हणून मला वसतिगृह पाहिजे."

मग तो गेल्या वर्षीचा माणूस म्हणाला, "हे वसतिगृह खानदेशातल्या मुलींसाठी आहे, बाळ."

"सर, मी राखलेली केळी खानदेशातली म्हणूनच विकली जातात."

बाई हसल्या की खोकल्या, मला कळलं नाही. त्यांनी विचारलं, "शेत ठोक्यानं देणार हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं नाही. मॅडमच्या घरी बैठकीत ठरत होतं. मी भांडी घासत होते. मॅडम चहा देत होत्या."

"कोण मॅडम?"

"बाहेर बसल्यात त्या."

आबा, मी आयुष्यात इतकी कधी चरकले नव्हते. जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात ते मला बाकावर बसून कळलं. बाईंनी मला आत बोलावलं. मी उभी राहिले. रमिला माझ्याकडे बघत होती, सरळ, जसं मी तिला शिकवलं होतं.

"मुलगी म्हणते ते खरं आहे का?" बाईंनी विचारलं.

मुलांना बोलायला शिकवते मी. वर्गात गप्प बसणाऱ्याला मी उभं करते. आणि मला शब्द सापडेनात. घराची अब्रू, तुमचं नाव, सुतक, सगळं एकदम आठवलं. मी म्हणू शकले असते, तिचा गैरसमज झालाय. सहज म्हणू शकले असते.

"खरं आहे," मी म्हटलं.

त्यानंतर त्यांनी तिला पुष्कळ विचारलं. ठिबकचं विचारलंच नाही. मार्क थोडे कमी आहेत असं एकजण म्हणाला तर ती म्हणाली, "गेल्या वर्षी एवढेच होते सर. गेल्या वर्षी तुम्ही मार्कांचं काही म्हणाला नाहीत, मी बोलत नाही म्हणालात. आता बोलतेय." मी पुन्हा बाहेर बाकावर येऊन बसले होते. माझा ऊर भरून आला होता आणि त्याच वेळी मला तिच्या दोन कानाखाली द्याव्यात असंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे, तुमच्यापाशी लपवत नाही.

परतीच्या बसमध्ये तीच आधी बोलली. "मॅडम, राग आला?"

"आला."

"मी खोटं बोलले?"

"नाही."

"मग?"

मग काय, आबा? मी एवढंच म्हटलं, की बाप संध्याकाळी कुठं असेल? ती म्हणाली, मोटरीवर. मी म्हटलं, त्याला घेऊन घरी ये.

घरी गंधमुक्तीची तयारी चालली होती. ओसरीवर तीच माणसं. मी हातपाय धुतले आणि बाहेर येऊन उभी राहिले. डोक्यावरचा पदर नीट केला, तो सवयीनं, घाबरून नाही. मी म्हटलं, "शेत ठोक्यानं द्यायचं की नाही हे विजय ठरवेल, त्याचा हक्क आहे. पण जामसिंगला विचारल्याशिवाय खोप रिकामी होणार नाही."

अक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सुतकात बाईमानसानं वावराचं बोलू नही, माय."

"मग कधी बोलू अक्का? दिल्यावर?"

विजय माझ्याकडे बघत राहिला. तुमचा मुलगा आहे, त्याला लवकर काही कळत नाही, पण कळलं की पक्कं कळतं. तेवढ्यात जामसिंग आणि रमिला फाटकात आले. जामसिंग नेहमीसारखा पायरीच्या खाली उभा राहिला. विजय त्याला म्हणाला, "जामसिंग, बस. तुझं काय म्हणणं आहे?"

जामसिंगनं रमिलाकडे पाहिलं. मला वाटलं आता ती बोलेल. ती मागे हात बांधून उभी राहिली, आणि त्याला वेळ दिला. तो जमिनीकडे बघत, आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "बाग मी लावली. आबाबरोबर लावली. हा घड निघू दे, पिलबागचा पण निघू दे. मग जा म्हणा, जातो. मधी नाही जात."

त्यानं हो मालक म्हटलं नाही. मी तुमच्या बाजेकडे पाहिलं, ती सुतकामुळे भिंतीला उभी करून ठेवली होती.

विजयनं अक्कांकडे पाहिलं, मग जामसिंगकडे. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. शेत यंदा द्यायचं नाही. पुढचं पुढं, जामसिंगला धरून बोलू." अक्का उठून आत गेल्या. माझ्याशी त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणून बोलल्या. म्हणजे निभावलं.

वसतिगृहाची जागा मिळाल्याचा फोन मला कॉलेजात आला. मी तास अर्धवट सोडून, स्कूटर काढून सरळ बागेत गेले. रमिला केळीची वाळली पानं काढत होती. मी सांगितलं तर तिनं आधी कोयता खाली ठेवला, हात ओढणीला पुसले आणि मग रडली. तिची आई कोंबडीच कापायला निघाली. मी तिथंच बांधावर बसून घेतलं, तुम्ही बसला होतात त्याच्या जरा अलीकडे, कारण तिथं बसायचं माझं अजून धाडस होत नाही. मला तुम्हाला दोन शिव्या द्यायच्या होत्या आणि तुमचे पाय धरायचे होते. तिनं ना माझं ऐकलं, ना तुमचं. तुमचं धाबापाणी घेतलं, माझं असोदा घेतलं, आणि दोन्ही त्यांच्या टेबलावर ठेवून मधली जागा दाखवली, जिथं ती खरंच उभी होती. आपण दोघं वर्षभर तिच्यासाठी गाव निवडत होतो. तिला ते आपल्याकडून नकोच होतं.

मी डोळे पुसून म्हटलं, "सोमवारी सकाळच्या बसनं निघू. मी रजा टाकते. वसतिगृहात बोलून घेते, कॉलेजात एकदा प्राचार्यांना भेटून येते, खोलीत कोण मुली आहेत ते बघते..."

"मॅडम," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही येऊ नका. मी बापाला घेऊन जाते."

"अगं, जामसिंगला तिथलं काय कळणार? विचारायचं असतं, सांगायचं असतं..."

"म्हणूनच. तुम्ही आलात तर सगळं तुम्हीच बोलाल."

तिनं हे उद्धटपणे म्हटलं नाही. फार मायेनं म्हटलं, म्हणून जास्त लागलं. जामसिंग मोटरीपाशी उभा होता, तो एकदम कामात गुंतल्यासारखं करायला लागला.

सोमवारी सकाळी ती पत्र्याची पेटी आणि गोधडी घेऊन बापाबरोबर आपल्या घरावरून स्टँडकडे गेली. जामसिंगनं धुतलेला सदरा घातला होता. तुमच्या फोटोला नमस्कार करायला ती आत आली, माझ्याही पाया पडली, आणि निघाली. ती चपला घालेपर्यंत मी तिच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेले होते. रजा मी टाकलीच होती, कुणाला न सांगता. पर्स खांद्याला होती. फाटकापाशी तिनं एकदा वळून पाहिलं. मी पर्स काढून खुंटीला अडकवली, आबा, आणि घरात राहिले.